मुळी, रेणू आणि मात्रा : सर्पगंधेच्या अभ्यासाची प्रस्तावना

सर्पगंधेचे झुडूप असे काही देखणे नसते. गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी उंची; एकेका पेरावर तीन किंवा चार पाने; लालसर देठांवर पांढऱ्या-गुलाबी फुलांचे गुच्छ; पिकल्यावर जांभळट काळी होणारी वाटाण्याएवढी फळे. औषध आहे ते जमिनीखाली. वाळलेली मुळी वाकडीतिकडी, उभ्या सुरकुत्यांची, करड्या-तपकिरी सालीची असते. मोडली तर कट्कन तुटते आणि आतला भाग फिकट पिवळसर दिसतो. वास जवळजवळ नाहीच. चव मात्र इतकी कडू की जिभेवरून लवकर जात नाही. १९३१ साली या मुळीवर कलकत्त्याहून एक लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत ती दिल्ली, मुंबई, बाझेल, बोस्टन असा प्रवास करून आली. उच्च रक्तदाबावरचे एक प्रमुख औषध तिच्यातून निघाले. मनोरुग्णालयांचे वातावरण तिने बदलले. मेंदूतल्या रासायनिक निरोपांचे शास्त्र उभे राहण्यात तिचा हात होता. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी तिच्यातला मुख्य रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून घडवून दाखवला. पुढे याच औषधाची बदनामी झाली आणि ते अडगळीत गेले. आज अनेक डॉक्टरांनी ते कधी लिहून दिले नसेल.

एकाच वनस्पतीवर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर या चढउतारातच आहे. परंपरेतल्या ज्ञानाची नोंद, वनस्पतीची ओळख पटवणे, रसायन वेगळे काढणे, प्राण्यांवरचे प्रयोग, रुग्णांवरच्या चाचण्या, कारखाना, बाजार, जंगलावरचा ताण हे वनौषधींच्या अभ्यासातले सगळे टप्पे सर्पगंधेने पुरे केले आहेत. बहुतेक वनस्पती यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अडकून पडतात. म्हणून या विषयात नव्याने शिरणाऱ्याने आधी सर्पगंधा वाचावी आणि मग गुळवेल, अश्वगंधा, गुग्गुळ यांच्याकडे वळावे, असे आम्हांला वाटते.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट वर येते आणि तीच या पुस्तकाची भूमिका आहे. वनौषधीचे ज्ञान तिच्या नावात नसते आणि नुसत्या रेणूतही नसते. ते मात्रेत असते : कोणाला, किती, किती दिवस आणि कधी थांबायचे. सर्पगंधेच्या बाबतीत ज्यांनी मात्रा सांभाळली त्यांना तिने यश दिले. ज्यांनी ती सोडली, मग ते वैद्य असोत, मनोरुग्णालये असोत की मुळ्या खणणारे ठेकेदार, त्यांच्या हातून नुकसान झाले.

आता या क्षेत्राचा नकाशा. सुरुवात नावांच्या गोंधळापासून करावी लागते, कारण प्राचीन ग्रंथांतली वनस्पती आणि आज हातात असलेली वनस्पती एकच आहे का, हा द्रव्यगुणाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधिद्रव्यांच्या, अभ्यासातला पहिला आणि सर्वांत चिवट प्रश्न आहे. नाकुली, गंधनाकुली, सर्पगंधा ही नावे जुन्या संहितांत विषावरच्या प्रकरणांत येतात. त्या नावांनी आजचीच वनस्पती अभिप्रेत होती का, यावर विद्वानांचे एकमत नाही. नाव सापाशी जोडलेले आहे आणि मुंगूस सापाशी झुंजण्याआधी ही मुळी चावते, अशी दंतकथाही देशभर आहे. वाचकाने इथेच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : सर्पदंशावर या मुळीचा भरवसा धरू नये. तिथे रुग्णालय आणि प्रतिविषाची लस हाच मार्ग.

लोकपरंपरेचा पुरावा मात्र बराच स्वच्छ आहे. बिहार आणि बंगालमध्ये ही मुळी वेडाचे औषध म्हणून विकली जाई. तिथले एक नावच ‘पागल की दवा’ असे होते. रडव्या मुलांना झोपवण्यासाठी ती चाटवत, अशाही नोंदी आहेत. म्हणजे ही मुळी माणसाला शांत करते आणि झोप आणते, हे खेड्यापाड्यांतल्या लोकांना कोणत्याही पोथीशिवाय कळले होते. विसाव्या शतकातल्या द्रव्यगुणाच्या ग्रंथांनी तिला तिक्त रस, कटू विपाक, उष्ण वीर्य आणि निद्राजनन हा प्रभाव दिला. ‘प्रभाव’ म्हणजे रस-वीर्य-विपाकाच्या हिशेबात न बसणारा, पण अनुभवाला येणारा परिणाम. झोप का येते याचे स्पष्टीकरण आपल्या चौकटीत मिळत नाही, हे शास्त्रकारांनी इथे प्रामाणिकपणे मांडून ठेवले आहे.

मुंबईत राहून चरकसंहितेची चिकित्सक आवृत्ती काढणारे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या ‘सिद्धयोगसंग्रहा’त सर्पगंधाघन वटी येते. तिच्यात सर्पगंधेच्या जोडीला खुरासानी ओवा, जटामांसी, भांग आणि पिंपळमूळ आहे. सगळा रोख झोपेवर आणि मनाच्या क्षोभावर. हा योग आजही वैद्यांच्या वापरात आहे. जिवंत परंपरा नवे द्रव्य कसे सामावून घेते, याचा हा चांगला नमुना आहे. आयुर्वेद दोन हजार वर्षांपूर्वी पूर्ण होऊन थांबला, असे मानणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

पश्चिम किनाऱ्याचा या कथेशी संबंध त्याहून जुना आहे. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट काही काळ याच ओर्तांकडे भाडेपट्ट्याने होते. सापाच्या विषावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांवर त्यांच्या ग्रंथात एक संवाद आहे आणि त्यांतली एक मुळी सर्पगंधेची असावी, असे अभ्यासक मानतात. वनस्पतीला शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र भारतात कधीही न आलेल्या माणसावरून. लेओनहार्ट राउवोल्फ हे सोळाव्या शतकातले आउग्सबुर्गचे वैद्य. त्यांनी पश्चिम आशियाचा प्रवास केला होता. त्यांच्या स्मरणार्थ फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए यांनी या प्रजातीला ‘राउवोल्फिया’ म्हटले आणि पुढे तिच्यातल्या भारतीय जातीला ‘सर्पेंटिना’ हे नाव जडले. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ, शंकर दाजीशास्त्री पदे यांचे ‘आर्यभिषक्’, डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधिसंग्रह’ या कामांमुळे महाराष्ट्रात वनौषधींच्या नोंदी ठेवण्याची भक्कम शिस्त तयार झाली. या पुस्तकाचा पाया त्याच शिस्तीवर आहे.

यानंतर १९३१. या एका वर्षात दोन वेगळ्या शहरांत दोन वेगळ्या वाटा उघडल्या. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर ही मुळी उपयोगी पडते, असे वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. सेन आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक दोन्ही जाणणारे होते. त्यांनी मात्राही दिली : मुळीचे चूर्ण २० ते ३० ग्रेन, दिवसातून दोनदा. म्हणजे एका वेळी साधारण सव्वा ते दोन ग्रॅम. ‘वेडावर गुणकारी’ एवढ्यावर न थांबता त्यांनी आकडा लिहिला, म्हणून पुढच्यांना तो तपासता आला.

त्याच वर्षी दिल्लीत, हकीम अजमल खान यांनी उभ्या केलेल्या तिब्बिया कॉलेजच्या संशोधनशाळेत, सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी काढली. हकीमसाहेब १९२७ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या नावावरून एका अल्कलॉइडाला अजमलीन म्हटले गेले. अजमलिसीन, सर्पेंटीन, सर्पेंटिनीन ही त्याच कुटुंबातली भावंडे. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरतो हे दाखवले. म्हणजे लोकज्ञान, वैद्यकीय निरीक्षण, रसायन आणि औषधक्रियाशास्त्र हे चारही प्रवाह दोन-तीन वर्षांत भारतीय माणसांच्या हातून एकत्र आले. ही घटना शालेय पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

पण एक पेच उरला होता. सिद्दीकींनी काढलेले सुंदर स्फटिक दिले तर झोप येत नव्हती. शुद्ध रसायन निघाले, पण मुळीचा सर्वांत ठळक गुण मात्र त्यात नव्हता. तो कुठे गेला, याचा शोध घेताना १९४० च्या दशकात कलकत्त्यातल्या संशोधकांना दिसले की, स्फटिक काढून झाल्यावर उरणाऱ्या राळेसारख्या चिकट भागात झोप आणण्याची शक्ती आहे. असा चोथा बहुतेक प्रयोगशाळांत फेकून दिला जातो. बाझेलच्या सिबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी नेमका याच भागाचा पाठपुरावा केला आणि १९५२ मध्ये त्यातून रेसर्पीन वेगळे केले. वनस्पतीतून रेणू शोधणाऱ्या प्रत्येकाने यातून धडा घ्यावा : प्रत्येक टप्प्यावर परिणाम मोजत गेले नाही, तर जे सहज स्फटिकरूप होते त्यालाच आपण औषध समजून बसतो.

रसायनाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सामान्य वाचक इथेच पुस्तक मिटतो. अल्कलॉइडे म्हणजे वनस्पतींनी बनवलेली, नायट्रोजन असलेली, बहुधा कडू आणि शरीरावर जोरदार परिणाम करणारी संयुगे. अफूतले मॉर्फीन, सिंकोनातले क्विनीन, कुचल्यातले स्ट्रिक्निन ही त्यांतली सर्वपरिचित नावे. सर्पगंधेच्या मुळीत अशी पन्नासहून अधिक संयुगे सापडली आहेत. वाळलेल्या मुळीच्या वजनात त्यांचा एकूण वाटा साधारण एक ते तीन टक्क्यांच्या घरात असतो आणि त्यांतला फार मोठा भाग सालीत असतो. म्हणून साल खरवडलेली मुळी म्हणजे जवळजवळ नुसते लाकूड. एकट्या रेसर्पिनाचे प्रमाण हजारात एक भागाच्या आसपास आणि अनेकदा त्याहून बरेच कमी असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात खराब होते. मुळी कोणत्या ऋतूत काढली, झाड किती वर्षांचे होते, साठवण कशी होती यावर हा आकडा हलतो. साधारणपणे दोन-तीन वर्षांचे झाड पानगळीनंतर, हिवाळ्यात खणतात, कारण तेव्हा मुळीत अल्कलॉइडे भरपूर असतात.

झाड हे सारे बनवते कसे? ट्रिप्टोफॅन हे आपल्या आहारातल्या प्रथिनांतही असणारे अमिनो आम्ल आहे. त्यापासून झालेला ट्रिप्टामीन आणि सेकोलोगॅनिन नावाचा दुसरा रेणू यांना एक विकर जोडते आणि स्ट्रिक्टोसिडीन तयार होते. या विकराचा जनुक १९८८ साली सर्पगंधेतूनच वेगळा काढण्यात आला. स्ट्रिक्टोसिडिनापासून पुढे वाटा फुटतात. सर्पगंधेत त्याचे रेसर्पीन आणि अजमलीन होते, सिंकोनात क्विनीन होते, कुचल्यात स्ट्रिक्निन होते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीत त्यापासूनच कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन घडतात. हिवतापाचे औषध, उंदीर मारायचे विष आणि रक्ताच्या कर्करोगावरचा उपचार, या सगळ्यांचा उगम एका रेणूत आहे. कलकत्त्याच्या असीमा चॅटर्जी यांनी या कुळातल्या अल्कलॉइडांवर मोलाचे काम केले. भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासात सर्पगंधा वाचायची तर त्यांचे नाव वगळता येत नाही.

आता रुग्णाच्या खाटेपाशी येऊ. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील अनेक वर्षे रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देत होते. १९४९ मध्ये त्यांनी ५० रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी उच्च रक्तदाबावर भरवशाचे औषध जवळजवळ नव्हते. मिठावर कडक बंदी, विश्रांती, झोपेची औषधे आणि फारच बिकट झाले तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढीच साधने होती. अशा वेळी मुंबईहून आलेला, आकड्यांनी भरलेला तो लेख जगभर वाचला गेला. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या, स्वतः अनुभव घेतला आणि १९५२ मध्ये तो जाहीर केला. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वकिलांनी नवे द्रव्य शोधले नव्हते. रुग्ण निवडणे, मात्रा ठरवणे, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब लिहून ठेवणे एवढेच त्यांनी केले आणि त्यानेच सगळे पालटले.

मनोविकारांच्या बाजूला न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड रुग्णालयाच्या नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये रेसर्पिनाचे निष्कर्ष मांडले. त्याच सुमारास फ्रान्समधून क्लोरप्रोमाझीन आले होते. या दोन औषधांनी मिळून, वर्षानुवर्षे कोंडलेल्या रुग्णांना औषधाने शांत करता येते हे दाखवले. मग प्रश्न आला : हे घडते कसे? १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि सहकाऱ्यांना दिसले की रेसर्पीन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये आर्व्हिद कार्लसन यांनी रेसर्पिनाने निपचित झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. डोपामीन हा स्वतंत्र संदेशवाहक आहे, ही कल्पना त्यातून पुढे आली आणि कंपवाताच्या आजच्या उपचाराची वाटही त्यातूनच निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. मज्जापेशी आपले संदेशवाहक रेणू सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवतात. ते भरणारा प्रथिनरूपी पंप रेसर्पीन बंद पाडते. पिशव्या रिकाम्या राहतात, निरोप जात नाही, रक्तवाहिन्या सैल होतात, नाडी मंदावते, मन थंडावते. पंप लवकर पूर्ववत होत नाही, म्हणून परिणाम हळूहळू चढतो आणि औषध थांबवल्यावरही बरेच दिवस टिकतो. वैद्य या मुळीच्या बाबतीत घाई करू नका असे सांगत, त्यामागचे कारण इथे सापडते.

रक्तदाब उतरवल्याने माणसे खरोखर वाचतात का, हा प्रश्न अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६७ आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांनी निकालात काढला. त्या चाचण्यांतल्या औषधांच्या त्रयीत मूत्रल औषध आणि हायड्रॅलझीन यांच्या सोबत रेसर्पीन होते. म्हणजे आज रक्तदाबाची कोणतीही गोळी घेण्यामागे जो पुरावा आहे, त्याच्या पायात सर्पगंधेचा दगड आहे. भारतात ‘अॅडेल्फेन’ या नावाने रेसर्पिनाची संयुक्त गोळी घराघरांत पोहोचली. पन्नाशी उलटलेल्या अनेक वाचकांना आजीच्या उशाशी असलेली ती पट्टी आठवत असेल.

मग हे औषध गेले कुठे? इथे पुन्हा मात्रेचा प्रश्न येतो. मनोरुग्णांना रोज काही मिलिग्रॅम रेसर्पीन देत. सुरुवातीला रक्तदाबासाठीही सढळ हाताने देत. काही रुग्णांना खोल औदासीन्य आले आणि औषधावर नैराश्याचा शिक्का बसला. त्याच काळात, १९५५ मध्ये, लंडनमधल्या डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या नियंत्रित चाचणीत चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसर्पिनाने बरे वाटल्याचे दिसले होते. ती चाचणी विसरली गेली, शिक्का राहिला. १९७४ मध्ये स्तनांच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे तीन निबंध एकदम प्रसिद्ध झाले. पुढच्या अभ्यासांनी तो संबंध टिकू दिला नाही, पण तोवर विश्वास उडाला होता. शिवाय पेटंटची मुदत संपलेल्या स्वस्त गोळीसाठी बाजारात भांडणारे कोणी नव्हते. रक्तदाबासाठी रोज ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅम पुरते हे कळले, तेव्हा नवी औषधे दुकानांत मांडली गेली होती.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मुळीत हजारात एक भाग रेसर्पीन धरले तर सेन-बोस यांच्या मात्रेतून दिवसाला अडीच ते चार मिलिग्रॅम रेसर्पीन पोटात जाई. सगळे शोषले जात नसले तरी उन्मादाच्या रुग्णाला शांत करणारी आणि रक्तदाब उतरवणारी मात्रा यांच्यात दहा-पंधरा पटींचे अंतर आहे, हे यातून कळते. एकच चूर्ण, एकच चमचा, पण रोग वेगळा तर मोजमाप वेगळे. नाक चोंदणे, सुस्ती, आम्लपित्त वाढणे, नाडी मंदावणे, वाईट स्वप्ने, औदासीन्य, कंप हे तिचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. नैराश्याचा इतिहास असलेल्या, जठरव्रण असलेल्या व्यक्तींनी आणि गर्भवतींनी तिच्या वाटेला जाऊ नये. झाडपाल्याचे औषध म्हणून निरुपद्रवी, हा समज सर्पगंधेच्या बाबतीत सरळ धोक्याचा आहे.

या क्षेत्रात आज ठळकपणे तीन घराणी आहेत. पहिले रेणूवाद्यांचे. वनस्पती हा रेणूंचा साठा, योग्य रेणू काढावा आणि मुळी विसरावी. त्यांच्या बाजूने मोठा पुरावा आहे : नेमकी मात्रा फक्त शुद्ध रेणूची देता येते. अजमलीन आज ब्रुगाडा नावाच्या हृदयविकाराच्या निदानासाठी शिरेतून देतात. तिथे मुळीचे चूर्ण चालणार नाही. दुसरे घराणे समग्रवाद्यांचे. मुळीतली अनेक संयुगे एकमेकांना आवर घालतात, म्हणून एकटा रेणू जास्त त्रास देतो, असे ते म्हणतात. वैद्यांचा अनुभव त्यांच्याकडे आहे, पण सर्पगंधेपुरते तरी मुळी आणि रेणू यांची समोरासमोर, पुरेशा रुग्णांवर झालेली तुलना त्यांनी अजून मांडायची आहे. तिसरे घराणे मुंबई-पुण्यातच जोपासले गेले. डॉ. अशोक वैद्य यांनी त्याला उलट दिशेचे औषधशास्त्र म्हटले. नेहमीचे संशोधन रेणूपासून सुरू होऊन रुग्णापर्यंत येते. इथे आधी रुग्णालयातला, दस्तऐवजात नोंदलेला अनुभव, मग छोट्या चाचण्या आणि शेवटी प्रयोगशाळा. सर्पगंधेचा प्रवास हे या विचाराचे मूळ उदाहरण. केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आणि पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन यांनी हीच दिशा इतर वनस्पतींसाठी धरली. आमचा कल या तिसऱ्या घराण्याकडे आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकणे बरे.

जंगलाकडे पाहिल्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही. औषध मुळीत असल्याने झाड मारल्याशिवाय ते मिळत नाही. १९५० च्या दशकात मागणी उसळली आणि हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत खणती लागल्या. बी नीट रुजत नाही, कारण बरेचसे बी पोकळ निघते. आफ्रिकेतल्या भाऊबंद जातीत रेसर्पीन अधिक मिळाल्याने कारखान्यांचा भार थोडा तिकडे वळला, तरी १९९० मध्ये सर्पगंधेला वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावे लागले. लखनौच्या सीमॅप संस्थेने ‘सीम-शील’सारखे वाण दिले. तरीही दोन-तीन वर्षे थांबून मुळी काढणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळतो की नाही, यावर लागवडीचे भवितव्य ठरते. टंचाई आली की भेसळ येतेच. त्याच प्रजातीतल्या दुसऱ्या जातींच्या मुळ्या मिसळतात आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. सालीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर मात्र कळतो : भेसळीच्या मुळीत अश्मपेशी दिसतात, खऱ्या सर्पगंधेच्या सालीत त्या नसतात. एवढी एक तपासणी प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून करून घेतली, तरी बाजार बराच सरळ होईल.

हे सगळे आज का वाचायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत वाढलेला रक्तदाब आढळला. स्वस्त, दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांची गरज संपलेली नाही. रेसर्पिनाने बंद होणारा तोच पंप लक्ष्य मानून बनवलेली टेट्राबेनझीन आणि व्हॅलबेनझीन ही औषधे शरीराच्या अनियंत्रित हालचालींवर वापरली जातात. म्हणजे मुळीने दाखवलेली वाट अजून चालू आहे. दुसऱ्या बाजूला, घरबसल्या मोबाइलवरून सर्पगंधेच्या गोळ्या मागवता येतात. डब्यावर ‘संपूर्ण नैसर्गिक’ असे लिहिलेले असते, आत रेसर्पीन किती ते लिहिलेले नसते. रक्तदाबाची दुसरी गोळी आधीच चालू असलेल्या माणसाने ती घेतली तर काय होईल, हे त्याला सांगणारे कोणी नसते.

या पुस्तकाने वनस्पतिशास्त्र, आयुर्वेद, रसायन, चिकित्सा आणि वनव्यवस्था यांना एका ठिकाणी बसवून एकमेकांची उलटतपासणी करू दिली आहे. आयुर्वेदाचे विद्यार्थी, औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक असे तीन वर्ग डोळ्यांपुढे ठेवले आहेत. म्हणून रासायनिक सूत्रे आली तिथे त्यांचा अर्थ साध्या मराठीत दिला आहे आणि संस्कृत संज्ञा आली तिथे ती कोणत्या निरीक्षणावर बेतली आहे ते सांगितले आहे. पुरावा मजबूत आहे तिथे तसे म्हटले आहे. नुसती परंपरा आहे तिथे तिला परंपराच म्हटले आहे. घरगुती उपचारांचे नुस्खे या पुस्तकात नाहीत आणि ते मुद्दामच नाहीत. ज्या औषधाच्या उपयोगी आणि अपायकारक मात्रेत इतके थोडे अंतर आहे, ते पुस्तक वाचून घ्यायचे नसते.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. यापुढे कोणत्याही वनस्पतीची थोरवी कानावर आली की त्याने तीन प्रश्न विचारावेत : नेमकी कोणती वनस्पती आणि तिचा कोणता भाग? किती, किती दिवस आणि कोणाला देऊन पाहिले? ज्यांना गुण आला नाही किंवा अपाय झाला त्यांची नोंद कुठे आहे? सेन, सिद्दीकी, चोप्रा आणि वकील यांनी हेच प्रश्न विचारले, म्हणून एका कडू मुळीचे जगाला उपयोगी पडणारे औषध झाले. हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. ते विचारण्याची सवय मराठी वाचकाला लागली, तर गुळवेलीपासून अश्वगंधेपर्यंत अनेक वनस्पतींचा असाच चोख अभ्यास आपल्याकडे होऊ शकेल.